काहीच करावं लागत नाही

संगमनेरात अकोले रोडला, मालदाड रोडला, घुलेवाडीच्या अंगाला ज्या नव्या कॉलन्या उठल्या, त्यांतल्या प्रत्येकीत एक गृहस्थ हटकून सापडतात. त्यांना नाव असतं, पण ते फक्त लाइटबिलावर. एरवी सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणतं. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, म्हणून त्या ‘बाई’. दोघांच्या फंडातून उभा राहिलेला बंगला, त्यावर संगमरवरी पाटीत ‘श्रमसाफल्य’, आणि पाटीपासून फाटकापर्यंत दहा बाय पंधराची उघडी माती. या मातीत सरांना श्रम अजिबात नको असतात.

खरं म्हणजे त्यांना मातीच नको होती. पेव्हर ब्लॉक टाकून मोकळं व्हायचं, गाडीही लागेल, चिखलही नाही, असा त्यांचा बेत होता. बाई एवढंच म्हणाल्या, “टाका. आणि मग देवाला रोज सकाळी एक ब्लॉक वाहा.” अनंत फंदींचं हे गाव. फटका कसा हाणायचा, हे इथल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

तेव्हा सरांनी माघार घेतली, पण शिस्तीत. “बाग करू. पण काहीच करावं लागणार नाही अशी.”

या एका वाक्यावर पुढचं सगळं महाभारत झालं. बाईंच्या यादीत मोगरा, अबोली, शेवंती, लाल जास्वंद, देशी गुलाब आणि फाटकाशी पारिजातक. सरांच्या यादीत कोरफड, सदाफुली, बोगनवेल, कण्हेर आणि चाफा. सरांनी वहीत रकाने आखून प्रत्येक झाडाला पाणी, खत, छाटणी, कीड आणि केर असे गुण दिले. मोगरा नापास झाला. गुलाबाला तर परीक्षेलाच बसू दिलं नाही. पारिजातक ‘केर’ या विषयात गेला: रोज पहाटे सडा, रोज झाडणं. (कृष्णाने पारिजातक आणला, तो सत्यभामेच्या अंगणात लावला आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडली, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. रुक्मिणीकडे रोज झाडत कोण होतं, ते कुठल्याच कीर्तनकाराने सांगितल्याचं मला आठवत नाही.)

सदाफुलीला सरांनी पैकीच्या पैकी दिले. बारा महिने फुलते, गुरं तोंड लावत नाहीत, शिवाय कॅन्सरवरची औषधं तिच्यापासून होतात. बाई म्हणाल्या, “ती गटाराच्या फटीतसुद्धा येते. फटीत फुकट येणारी वस्तू मी पैसे देऊन अंगणात लावू?”

“हाच तर तिचा गुण! हायवेच्या दुभाजकात कण्हेर बघ. तिला कोण पाणी घालतं?”

“टँकर घालतो. परवा त्याच्याच मागे अर्धा तास आपली गाडी अडकली होती.”

“बरं, दंडकारण्य अभियानात डोंगरावर नुसत्या बिया टाकून येतात. तिथे कोण जातं पाणी घालायला?”

“डोंगरावर राहायला जा मग. तिथे चहासुद्धा कोणी देत नाही.”

कण्हेर शेवटी बादच झाली, पण या वादामुळे नव्हे. तिचा चीक विषारी आणि नातू हाती लागेल ते तोंडात घालणारा. या मुद्द्यावर मात्र दोघांचं एका मिनिटात एकमत झालं आणि त्या धक्क्याने दोघंही थोडा वेळ गप्प बसली.

पाण्यावरून सरांचा तास मोठा असतो. संगमनेर पर्जन्यछायेत, नदीकाठ सोडला तर तालुक्याच्या निम्म्या गावांना उन्हाळा म्हणजे काय ते विचारा. आता शहराला निळवंड्याचं पाणी थेट नळाने येतं, तर लोक त्याने गाड्या धुतात, याचा सरांना मनापासून संताप आहे आणि तो रास्त आहे. फक्त तो संताप उतरतो बाईंच्या शेवंतीवर. “प्रवरा भंडारदऱ्याला अडवली १९२६ साली. ती शेतीसाठी! तुझ्या कुंड्यांसाठी नाही.” तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत ओतता ओतता बाई म्हणतात, “हे प्रवरेचं नाही. हे इंद्रायणीचं.”

मग बोगनवेल आली. हायवेकडेच्या नर्सरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, “सर, न्या बिनधास्त. मरायचं नावच घेत नाय.” सरांना तिचं शास्त्रही ठाऊक होतं. बोगनवेलीला पाणी फार दिलं की नुसती पानं येतात. ताण बसला की फुलते. हे त्यांनी घरी आल्यावर बाईंना उत्साहाने समजावलं. जितका छळ, तितकी फुलं! बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तुम्हाला का आवडली, ते आता कळलं.”

इथे या वेलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. बोगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी. १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. मोहिमेवर कॉमरसन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याचा एक मदतनीस. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल मिळाली, तिला नाव दिलं कप्तानाचं. तो मदतनीस म्हणजे पुरुषवेषातली जीन बारे, कॉमरसनची सोबतीण. डोंगर चढणं, ओझी वाहणं, झाडं दाबून ठेवणं हे तिचं काम. कॉमरसनचा पाय तेव्हा दुखरा होता, त्यामुळे ही वेल बहुधा तिनेच तोडून आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात. जगाची फेरी पुरी केलेली पहिली ज्ञात बाई ती. तिच्या नावाची वनस्पती व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं.

हे मी एकदा दोघांसमोर सांगितलं. सर म्हणाले, “इंटरेस्टिंग.” बाई काही बोलल्या नाहीत. सरांची कंबर धरल्यामुळे बोगनवेलीची कुंडी रिक्षातून फाटकापर्यंत कोणी आणली होती, ते कॉलनीने पाहिलं होतं. त्या दिवसापासून बाई सरांना हाक मारताना अधूनमधून “अहो कप्तान” म्हणतात.

शेवटी तह झाला. फाटकाकडची बाजू सरांची, देवघराच्या खिडकीखालची बाईंची. पारिजातक गेला, त्याच्या जागी चाफा आला. चाफा म्हणजे सरांचा हुकमी एक्का. फांदी तोडा, चार दिवस चीक सुकू द्या, मातीत खोचा, विसरून जा. थंडीत त्याची पानंच गळून जातात, मग केर कसला? “पण आधी गळतात ना?” असं बाईंनी विचारलं. या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

पाणी आपोआप जावं म्हणून सरांनी ठिबक बसवलं. संगमनेरात निवृत्त शिक्षकाला काहीही विकत घ्यावं लागत नाही. त्याला विद्यार्थी असतात. एका डाळिंबवाल्या विद्यार्थ्याने शेतातली उरलेली सोळा एमएमची नळी आणली, ताशी चार लिटरचे ड्रिपर टोचले आणि सांगितलं, “सर, तुम्ही फक्त कॉक फिरवायचा.” सर महिनाभर कॉक फिरवून खुर्चीत बसले. तो त्यांच्या आयुष्यातला परमोच्च काळ. कमी पडेल म्हणून त्यांनी ठिबकला बोअरचं पाणी जोडलं, आणि त्यातल्या क्षारांनी ड्रिपर एकेक करून बुजले. खारीने नळी दोन जागी कुरतडली. आता सर रोज सकाळी टाचणी घेऊन उकिडवे बसतात, प्रत्येक ड्रिपर उघडतात, फुंकतात, उजेडात धरून पाहतात आणि वहीत खूण करतात. एवढ्या वेळात झारीने तीनदा पाणी घालून होतं, हे बाई सांगत नाहीत. त्या झारी त्यांच्या नजरेसमोरून नेतात.

जास्वंदीची कथा आणखी पुढची. ती बाईंच्या हद्दीतली, तिच्याशी सरांचा काही संबंध नव्हता. एके दिवशी तिच्या कळ्यांच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखं काही दिसलं. पिठ्या ढेकूण. आणि मुंग्यांची रांग, कारण ढेकणांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात. सरांमधला विज्ञानशिक्षक उठून बसला. कपभर साबणाचं पाणी, त्यात थोडं निंबोळी तेल आणि जुना टूथब्रश. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरायची, ब्रश देठाकडून वर न्यायचा, कळीला धक्का लागू द्यायचा नाही, कपात झटकायचा, पुढची कळी. नातवाचे दात इतक्या हळुवारपणे कोणी घासले नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीआधी बाईंनी विचारलं, “अहो, काल जुना ब्रश कुठला घेतला होतात? निळा का?” पुढचा संवाद भिंतीतून नीट ऐकू आला नाही, पण त्या दिवशी सर किराणा दुकानात अगदी लवकर पोचले होते.

माझा असा ग्रह आहे की ‘कमी मेंटेनन्स’ मागणाऱ्या माणसाला काम टाळायचं नसतंच. त्याला बायकोने सांगितलेलं काम टाळायचं असतं. स्वतः शोधून काढलेल्या कामात तो दिवस घालवील आणि वर त्याला काम म्हणणार नाही. कॉलनीत नवं जोडपं राहायला आलं, बाग बघायला थांबलं, की सर हातातली टाचणी खिशात टाकतात आणि म्हणतात, “काहीच करावं लागत नाही हो.” ती नवी सून बाईंकडे बघते. बाई आकाशाकडे.

परीक्षा आली दिवाळीनंतर, मुलाकडे पुण्याला आठ दिवस जायचं ठरलं तेव्हा. आदल्या रात्री सर बागेची किल्ली आणि एक कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला, वर प्लॅस्टिकचं कव्हर. कॉक किती वाजता फिरवायचा, किती वाजता बंद, कोणता ड्रिपर हट्टी आहे, टाचणी कुठे आहे, बोगनवेलीला काही झालं तरी पाणी द्यायचं नाही, ती मान टाकेल पण भुलायचं नाही, जास्वंदीचे देठ एक दिवसाआड तपासायचे, लाल ब्रश जास्वंदीचा, लालच. सातव्या कलमात लिहिलं होतं, “सदाफुलीला काहीच करावं लागत नाही. तरी रोज बघून यावं.”

गाडी चंदनापुरी घाट चढते न चढते तोच फोन आला. कॉक फिरवला का?

कागदाच्या अगदी तळाशी निराळ्या शाईत, बाईंच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: “चाफ्याची पानं गळतील. ती झाडू नयेत, कप्तान आल्यावर झाडतील.”