झोपायचे कुठे, ते वॉशिंग्टनला विचारा

भाईंदरच्या आमच्या खारीत कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, की सोसायटीचे सेक्रेटरी दोनच गोष्टी विचारतात : किती दिवस, आणि गाडी कुठे लावणार? अमेरिकेचे सेक्रेटरी, म्हणजे तिथले परराष्ट्र खाते, याहून चौकस. त्यांचा माणूस क्युबात गेला तर कुठल्या गादीवर पडणार आणि त्या गादीचे भाडे फिरत फिरत कोणाच्या खिशात जाणार, याचीही त्यांना चिंता.

आमचा पुतण्या न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवाला. सूनबाईंनी नाताळच्या सुट्टीसाठी हवानातले हॉटेल नॅसिओनाल हेरून ठेवले होते. १९३० सालची इमारत, समोर समुद्र. पण सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेने क्युबातल्या निषिद्ध मुक्कामांची यादीच काढली. चारशेवर ठिकाणे, आणि त्यात हे बसलेले. मालकी क्युबाच्या सरकारची असेल, बड्या अधिकाऱ्याची किंवा पक्षातल्या पुढाऱ्याची असेल, एवढेच काय, त्यांच्या जवळच्या नातेवाइकाची असली, तरी ते ठिकाण यादीत जाऊ शकते. हा नियम भाईंदरला लावला, तर पाहुण्यांना थेट फलाटावरच पथारी पसरावी लागेल.

पूर्वीच्या हवाना हिल्टनचीही हीच गत. १९५८ साली थाटामाटात उघडलेल्या या हॉटेलात पुढच्याच वर्षी फिडेल कॅस्ट्रोंनी मुक्काम ठोकला. म्हणजे हिल्टनच्या खोलीत क्रांतिकारकाला झोप लागली. अमेरिकन करदात्याला मात्र तिथे डोळा मिटायची चोरी.

मग राहायचे कुठे? लोकांच्या घरी. तिथे अशा घरगुती खोल्यांना कासा पार्तिक्युलार म्हणतात. पण जायचे ‘क्युबन जनतेला पाठिंबा’ द्यायला. निव्वळ मौजेसाठी जायला कायद्याने बंदी. प्रवासाची बारा कारणे मंजूर आहेत, त्यांत ‘कंटाळा आला म्हणून’ हे कारण नाही. दिवसभराचा भरगच्च कार्यक्रम हवा, जादा मोकळा वेळ नको, आणि हिशेबाचे कागद आता दहा वर्षे जपायचे. सूनबाई म्हणाल्या, “काका, एवढे कागद तर आम्ही लग्नाचेही ठेवले नाहीत.”

गंमत म्हणून कोणी हे घेऊ नये. क्युबातल्या खोल्यांच्या अशाच प्रकरणात एअरबीएनबीने २०२२ मध्ये ९१ हजारांवर डॉलर भरून तडजोड केली. त्याआधी २००६ मध्ये तर मेक्सिको सिटीतल्या एका अमेरिकन मालकीच्या हॉटेलाने वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून क्युबाच्या अधिकाऱ्यांना सामानासकट बाहेर काढले. भूमी मेक्सिकोची, पाहुणे क्युबाचे, कायदा अमेरिकेचा!

आपले सरकारही चौकशी करते, नाही असे नाही. परदेशी पाहुणा उतरला, की हॉटेलवाल्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारदरबारी कळवायची. पण झोपला तो कोण, एवढ्यापुरतीच ही चौकशी. चादरीचे पैसे कोणाच्या मेव्हण्याला पोचले, हे आमचा हवालदार विचारत नाही.

आता खरी मजा. खारीचा मी, भारतीय पासपोर्टवाला, क्युबाचा व्हिसा काढून नॅसिओनालमध्ये खुशाल घोरू शकतो. अमेरिकेला त्याचे सोयरसुतक नाही. फक्त पुतण्याच्या कार्डावर खोली घ्यायची नाही. तीस वर्षे ज्या ग्रीन कार्डाच्या नावाने आळीत पेढे वाटले, ते हवानाच्या काउंटरवर आडवे येते. आणि ज्या पासपोर्टला प्रत्येक दूतावासात तिष्ठावे लागते, तो तिथे शहाजोगपणे आत जातो. खुल्या बाजारपेठेची महती जगाला सांगणाऱ्या देशात हॉटेल निवडायला सरकारी यादी लागावी, हा साम्यवादाचा विजय समजायचा का?

शेवटी पुतण्याने कॅनकूनची तिकिटे काढली. बासष्ट सालापासून चाललेल्या निर्बंधांनी हवानाचे सरकार हलले नाही; मेक्सिकोच्या एका हॉटेलवाल्याचा नाताळ मात्र बरा गेला.