गेटला मिस्ड कॉल

ज्ञानेश्वर रुसून आत बसले, तेव्हा ताटी उघडावी म्हणून मुक्ताबाईंना अभंग रचावे लागले. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं गेट एका मिस्ड कॉलवर उघडतं. निदान वार्षिक सभेत तसं सांगण्यात आलं होतं.

गेटच्या खांबावर एक करडी पेटी आहे, पेटीत सिमकार्ड. त्या नंबरला आपण फोन लावायचा. पेटी आपला नंबर यादीत शोधते, सापडला की फोन कापते, आत ‘टक्’ असा रिलेचा आवाज होतो आणि मोटर दातेरी पट्टीवरून गेट ओढायला लागते. फोन उचललाच जात नाही, म्हणजे खर्च शून्य. शोध कुठल्याही देशात लागलेला असो, त्यामागचा विचार अस्सल आपला आहे. 1995 मध्ये मोबाईल आला तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला 16 रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. ते पैसे 2003 पासून थांबले आणि मिस्ड कॉलला सुगीचे दिवस आले. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. हे आता लोखंडालाही कळतं, एवढीच प्रगती.

पण सिम आलं की रिचार्ज आला. जन्मात एक शब्द न बोललेल्या या गेटला आम्ही दर 28 दिवसांनी अनलिमिटेड कॉलिंगचा पॅक मारतो. त्यात रोजचा डेटाही मिळतो, तो गेट कशावर उडवतं देव जाणे. सेक्रेटरींनी काटकसर म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम आणून पाहिलं, तर ते नुसतं फोरजीवालं आणि पेटीला टूजीपलीकडचं काही कळत नाही. वीज गेली तर मोटर किल्लीने मोकळी करून गेट हाताने ढकलायची सोय आहे. किल्ली खजिनदारांकडे असते आणि खजिनदार बहुतेक वेळा मुलीकडे नाशिकला.

मधे एकदा मेकॅनिक येऊन काहीतरी दुरुस्त करून गेला आणि गेट भर दुपारी आपोआप उघडायला लागलं. उघडायचं, थोडा वेळ थांबायचं, मिटायचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी खांबाला लिंबू-मिरची बांधली. तिचा गुण येईना. एका दुपारी भंगारवाला हातगाडी घेऊन थेट लिफ्टपर्यंत आला आणि “उघडंच होतं की” म्हणाला, तेव्हा शोधाशोध झाली. मेकॅनिकने पेटी ‘यादीतल्यांनाच’ऐवजी ‘कोणालाही’वर ठेवली होती आणि गेटला पर्सनल लोनचे फोन येत होते! पलीकडची मुलगी ‘नमस्कार सर’ म्हणायच्या आत गेट फोन कापून सताड उघडं. तिच्या आख्ख्या नोकरीत तिच्यासाठी दार उघडणारं एवढं एकच गिऱ्हाईक असेल, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची तऱ्हा आणखी वेगळी. मुलगा सॅन होजेला. त्याने आईच्या दाराला वायफायचं कुलूप आणि कॅमेरा बसवून दिलाय. सकाळी आठला कामाच्या मावशी बेल वाजवतात, ती तिकडे आदल्या संध्याकाळी त्याच्या फोनवर वाजते आणि तो तिथून दार उघडतो. आजी तोवर गुडघ्यांना हात लावून सोफ्यावरून निम्म्या उठलेल्या असतात. “मी घरात धडधाकट असताना अमेरिकेतनं दार उघडायचं म्हणजे काय?” असं म्हणून त्यांनी हल्ली आतून जुनी कडी लावायला सुरुवात केलीय. कडीला पासवर्ड नाही. मुलगा तिकडून बटण दाबत बसतो.

गेट बसवताना मुख्य मुद्दा होता वॉचमनचा पगार वाचेल हा. तो वाचला नाही. दूधवाला, कुरियर, पाहुणे यांतलं कुणीच यादीत नसतं. सगळे वॉचमनकाकांना फोन करतात, काका गेटला करतात. गेट फक्त नंबर ओळखतं आणि काका सगळ्यांना आवाजावरून ओळखतात, तेव्हा ही कामाची वाटणी मला तरी रास्त वाटते.

यंदा पौषात काका गावी गेले, पालच्या खंडोबाच्या यात्रेला. त्याच दिवशी भाचा गाडी घेऊन आला. मेकॅनिकने यादी नव्याने भरताना आमची विंग गाळलेली, त्यामुळे माझ्या फोनला गेट दाद देईना. शेवटी काकांना लावला. मागे हलगी कडाडत होती, येळकोटाचा गजर चालला होता.

“काका, गेट!”

“कोन, बी विंग? थांबा.” फोन कट.

कराड तालुक्यातल्या त्या गर्दीतून, बहुधा भंडाऱ्याच्याच हाताने, काकांनी बटण दाबलं असावं. आमच्या खांबावर ‘टक्’ झालं, गेट सरकलं. लगेच त्यांचा उलटा फोन.

“उघडलं का? भाच्याला म्हनावं गाडी भाईरच लाव. पाव्हन्यांच्या पार्किंगला जागा न्हाई. शेक्रेटरींचे व्याही आल्यात सकाळी, मीच घेतलं की आत. जेवल्याबिगर हलायचे न्हाईत.”