मटण सोडून मच्छी धरण्याची सोपी पद्धत

डॉक्टरांनी मटण बंद सांगितलंय, पण नुसत्या वरण-भातावर राहण्याची तयारी नाही, अशा तमाम चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी हे मार्गदर्शन.

आधी संकल्प जाहीर करा. फक्त ढिवर शेजाऱ्यासमोर नको. मामा तलावाकाठी पिढ्यान्‌पिढ्या भात-मच्छी खाणाऱ्याला यात काय नवल?

मग आठवडी बाजार गाठा. नवशिका हमखास मोठ्या रोहूपुढे थबकतो. घ्यायचाच तर कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत; डोळा फुगीर हवा; बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पण माझं ऐकाल तर बारीक मासोळ्यांचा वाटा घ्या. त्या राखेत चोळून साफ करताना कंबर मोडते (राख चुलीचीच घ्या, औष्णिक केंद्राची नको). मात्र काट्यासकट पोटात जातात, म्हणून कॅल्शियम मिळतं. रोहूचे काटे ताटाच्या कडेलाच राहतात.

आता तब्येतीचा हिशेब. 100 ग्रॅम रोहूत साधारण 17 ग्रॅम प्रथिनं, चरबी मटणापेक्षा कितीतरी कमी, शिवाय बी-12. ओमेगा-3 साठी मासे खा म्हणतात, ते मुख्यतः बांगडा-तारलीसारख्या तेलकट समुद्री माशांबद्दल. आपल्या रोहूत ते बरंच कमी. जवसाच्या चटणीत ओमेगा-3 भरपूर असतं, पण वेगळ्या प्रकारचं. त्यातलं थोडंच शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. चटणी तरी खाच, जेवण उतरतं. लोह मटणापेक्षा कमी मिळेल, तेव्हा पालेभाजीला नाक मुरडू नका.

खरी परीक्षा पाहुणचारात. ‘फोडी नको, नुसता रस्सा वाढा’ म्हणणारे मटणत्यागी मी पंगतीपंगतीत पाहिलेत. वाटीवर बोटभर तर्री तरंगत असते आणि चेहऱ्यावर वैराग्य. हेच लोक घरी रोहूचे तुकडे तेलात बुडवून तळतात, त्याच तर्रीत सोडतात, वर भाताचा डोंगर, आणि महिन्याने वजनकाट्याला दोष देतात. पावसाळ्यात ताजी मच्छी मिळाली नाही की सुकटावर भिस्त; त्यातलं मीठ बीपीवाल्याला परवडणारं नाही.

मच्छी खुशाल खा, पातळ रश्श्यात, कमी तेलात. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.