हे बरं, की आधीचं?

आमचा भाचा लखनौला एम.ऑप्टोम. करतो. हे वाक्य मी नीट पाठ केलंय. कारण 'डोळ्यांचा डॉक्टर होतोय' म्हटलं तर तो तिथल्या तिथे दुरुस्ती करतो आणि 'चष्म्याचं काहीतरी शिकतोय' म्हटलं तर जेवत नाही. ऑपरेशन डॉक्टर करतात, आम्ही नजर तपासतो, बी.ऑप्टोम.ची चार वर्षं, त्यातलं एक इंटर्नशिपचं, वर ही दोन. शिवाय 2021 च्या कायद्यात आमचं नाव आहे, हे सगळं तो एका दमात सांगतो. माझे वडील शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "बरं, मग दुकान कुठं टाकणार?"

सुट्टीत घरी आला की पाहुण्यांच्या पाया पडायच्या आधी त्यांची बुबुळं बघतो. लग्नाच्या फोटोत बाकीचे कोण किती सुटलंय ते बघतात, हा फ्लॅशची लाल चकाकी कुणाच्या एकाच डोळ्यात आली नाही ते मोठं करून शोधतो. मुलगी बघायला नेला होता. बाहेर आल्यावर ताईनं विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाला, "डावी पापणी किंचित उतरलीय." ताई रस्ताभर बोलली नाही.

रात्री दिवे घालवून तो रेटिनोस्कोप काढतो. "मामा, लांब बघा. माझ्याकडे नाही, लांब!" समोरच्यापासून 66 सेंटिमीटरवर, म्हणजे हातभर अंतरावर बसायचं आणि जो आकडा येईल त्यातून दीड वजा करायचा, असा त्यातला हिशेब. ताईचं म्हणणं, फोनवर सांगतो त्या अभ्यासाच्या तासांतूनही दीड वजा धरावा.

मग ती जड ट्रायल फ्रेम नाकावर चढते आणि त्याचं लाडकं वाक्य सुरू होतं: "हे बरं, की आधीचं?" काचा फिरतात, पुन्हा "हे बरं, की आधीचं?" सवय इतकी जडलीय की आमटीची दुसरी वाटी घेतानाही तो तेच विचारतो, स्वतःलाच. वडील वैतागून म्हणतात, "दोन्ही सारखंच दिसतंय रे!" त्यावर हा खूश. "आजोबा, तेच तर हवं होतं!" सिलिंडरच्या काचेतून दोन्हीकडून सारखंच दिसलं की नंबर बरोबर बसला म्हणे. वडिलांचं एखादं उत्तर बरोबर आल्याचं घरात बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

वडिलांच्या लेखी लखनौ म्हणजे भातखंडे. 1926 साली भातखंड्यांनी तिथं संगीताचं मॅरिस कॉलेज उभं केलं. "आपल्या माणसानं त्यांचे कान तयार केले, तू निदान डोळे बिघडवू नकोस," एवढाच त्यांचा आशीर्वाद.

पण लखनौनं भाच्याचं ते लाडकं वाक्यच निकामी केलं. आपल्याकडचा पेशंट कसा, पहिल्याच काचेला "काही दिसत नाही, तुमचं यंत्र बिघडलंय" असं ठणकावतो. तिथं एका शिबिरात चौक भागातल्या चिकनकाम करणाऱ्या बायका आल्या होत्या. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा. चाळिशी लागली तरी काम सुटत नाही, उंबऱ्यातल्या उजेडात सुई चालूच. एक वयस्क खाला खुर्चीत बसल्या. यानं काच घातली, बदलली. "ये बेहतर है, या पहले वाला?"

"बेटा, दोनों माशाअल्लाह."

"नहीं, एक बताइए."

"अब आपने इतनी मेहनत की है. जो आप मुनासिब समझें."

असं बराच वेळ चाललं. मागं रांग वाढत होती आणि रांगेतल्या बायकाही एकमेकींना "पहले आप" करत होत्या. शेवटी यानं अक्षरांचं कार्ड बाजूला ठेवलं आणि खालांच्याच पिशवीतली सुई आणि दोरा त्यांच्या हातात दिला. अधिक दीडला दोरा नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राहिला. अधिक दोन घातला, तर एका झटक्यात आरपार.

"तो यही वाला लिख दूँ?" यानं विचारलं.

"हाँ बेटा, यही," खाला म्हणाल्या, आणि याला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढं, "लेकिन पहला वाला भी बहुत अच्छा था."