गुलेलीची कटती

(तुमसरच्या धानबाजारातली एक अडत. लिलाव आटोपलेला. छपराच्या कैचीला चार दोऱ्यांनी टांगलेला पत्र्याचा डबा, मागे कोंड्याच्या पोत्यांची थप्पी. ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर डब्यात ओली माती थापताहेत.)

अडत्या : हे काय लटकवलं सर माह्या छपराले?

सर : लंबक. तुमच्या चिरंजीवानं धानावरची पाखरं हाकलताना गुलेलीनं माझ्या स्कूटरचा आरसा फोडला. वर म्हणतो, गोटी हळूच गेली, तेवढ्यानं काच फुटत नसते. म्हटलं, मोजूनच टाकू.

अडत्या : मंग मोबाइलमधलं घड्याळ लावा ना. इथून सुटली, तिथं लागली, झालं.

सर : पाच मीटर जायला तिला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा लागतो. तुमचं बोट बटणावर पडेपर्यंत ती मातीत रुतून बसलेली असते. घड्याळच नको. वजन आणि माप, एवढ्यावरच वेग काढायचा.

अडत्या : हे बोलले ना बाजारातलं! कोणाची अक्कल म्हणा ही?

सर : बेंजामिन रॉबिन्स, इंग्रज गणिती. 1742 साली त्यानं पुस्तक लिहिलं. टांगलेल्या जड लाकडावर बंदुकीची गोळी झाडायची, लाकूड किती मागे झुललं ते पाहायचं. वेग निघाला सेकंदाला 1,600 फुटांच्या वर. मग अंतर वाढवून झाडल्या, तेव्हा कळलं की हवा गोळीला लोक समजत होते त्याहून कितीतरी जास्त अडवते. पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला किल्ले दुरुस्त करायला इकडे आणलं. 1751 साली कडलूरजवळ फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

अडत्या : कंपनीचा माणूस? मंग वजनात काई ना काई असनच.

हमाल : माती कोणती घेतली सर?

सर : बांधीतली कन्हार.

अडत्या : कायले? डोंगरीच्या खाणीतला मँगनीजचा दगड टांगा. मजबूत.

सर : त्यावर गोटी आपटून उलटी येईल. उलटी आली की डब्याला जास्त धक्का बसतो आणि हिशेब बिघडतो. रुतलीच पाहिजे. आता काटा द्या.

अडत्या : कोणता?

सर : कोणता म्हणजे?

अडत्या : (आवाज उतरवून) वजनमापवाल्या सायबाले दाखवायचा, का रोजचा?

सर : कुठलाही चालेल. फक्त गोट्या आणि डबा एकाच काट्यावर. मला वजन नको, पट हवी. एकटी गोटी तुमच्या काट्याला दिसायची नाही, शंभर टाका.

हमाल : सायबाच्या काट्यावर 500 ग्राम. मातीचा डबा, 495.

सर : म्हणजे गोटी 5 ग्रॅमची. ती आत बसली की सगळं मिळून 500. गोटीच्या शंभर पट. डब्याच्या तळाला ही रिबन बांधलीय, तिचं दुसरं टोक चिमट्यात सैल धरलंय. डबा मागे जाईल तेवढी रिबन ओढली जाईल. बाजूला व्हा सगळे. मार रे!

(सट्. थप्.)

हमाल : बारा सेंटीमीटर ओढली.

सर : दोरी मीटरभर. 12 ला 3.13 नं गुणा. डबा सेकंदाला 37.6 सेंटीमीटरनं निघाला. गोटी त्याच्या शंभर पट वेगानं आली, 37.6 मीटर. ताशी 135 किलोमीटर!

अडत्या : थांबा. हे 3.13 कोणाचं कमिशन?

सर : पृथ्वीचं. गुरुत्वाकर्षणाचे 9.8, त्याचं वर्गमूळ. दोरी मीटरभर असेल तरच हा भाव.

अडत्या : आमी बी अकरावी पास हाओत सर. ऊर्जा नष्ट होत नाई. डबा वर किती चढला?

सर : सात मिलिमीटर.

अडत्या : मंग गोटीची सारी ऊर्जा डबा उचलण्यात गेली. त्याच्यावरून काढा वेग.

सर : काढला. ताशी साडेतेरा. सायकलचा! अर्धा वर्ग दरवर्षी हेच उत्तर लिहितो. साडेतेराच्या गोटीनं फुटला का माझा आरसा?

अडत्या : मंग बाकीची गेली कुठं?

सर : माती चेपण्यात, ती किंचित तापवण्यात, त्या थप् आवाजात. डब्याच्या हाती शंभरातला एक भाग लागला.

अडत्या : नव्व्याण्णव टक्के कटती! बाप्पा! आमी क्विंटलमागं दोन किलो कापले तं शेतकरी रस्ता अडवते!

हमाल : पाठीवर पोतं आदळते ना, तवा समजते कुठं जाते ते.

सर : अगदी. धडकेत गतीची ऊर्जा अशी वाटली जाते, पण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, धडकेआधी जेवढा तेवढाच धडकेनंतर. म्हणून धडकेचा हिशेब संवेगानं करायचा आणि डबा झुलायला लागला की पुढचा ऊर्जेनं. दोन खाती एकात मिसळली की सायकल निघते.

अडत्या : मले नाई पटत. रोजच्या काट्यावर मोजा.

हमाल : शंभर गोट्या, 485. डबा, 480.

सर : पट तीच, शंभर. वेग तोच, 135. काटा दोघांनाही सारखाच कापतो, त्यामुळे भागाकारात कटती उडून जाते. खोट्या काट्यावरही खरं उत्तर!

हमाल : पण सर, गोट्या त्याच, मंग पंधरा ग्राम कुठं गेले? ते बी गरम होण्यात?

अडत्या : (घाईघाईनं गल्ला उघडत) आरशाचे किती झाले सर? घ्या, वरून शंभर जास्त घ्या. वहीत 135 लिहा, पोट्ट्याचं नाव लिहा. काट्याचं तेवढं लिहू नका.