मार्केटिंग

त्याला नावानं हाक मारणं आता घरच्यांनीही सोडलंय. धसईच्या नाक्यावर मोटारसायकलीचा आवाज आला, की टपरीवरचा पोरगा पुकारतो, "मार्केटिंग आला रे!" आणि बाकावरचे दोघं-तिघं उठून कुठंतरी निघून जातात. इन केलेला पांढरा शर्ट, मे महिन्यातसुद्धा टाय, खांद्याला काळी बॅग. बॅगेत पाण्याच्या फिल्टरची पत्रकं आणि पत्रकांखाली, जुन्या पिशवीत गुंडाळून, ते पुस्तक.

मुरबाड-शहापूरकडं दर पाच-सात गावांमागं असा एक जण असतोच. आधी विमा, मग साखळी योजना, मग गुडघेदुखीचं तेल. आमच्याकडचा मात्र शिकून आलाय. कल्याण स्टेशनबाहेर त्यानं यशस्वी विक्रीचं पुस्तक घेतलं, तेही छापील किमतीत, घासाघीस न करता. पुस्तकवाल्यानं त्या दिवशी मनात काय म्हटलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

पुस्तक मराठीत आहे, म्हणजे अक्षरं मराठी आहेत. 'ग्राहकाच्या आक्षेपांचे उत्साहाने स्वागत करा', 'होकाराची शिडी रचा', असली वाक्यं तो अंघोळ करताना म्हणतो. प्रस्तावनेत या विद्येचा इतिहासही आहे. अमेरिकेत डेटन गावी जॉन पॅटरसन नावाचा माणूस गल्ल्याची यंत्रं विकायचा. १८८७ साली त्यानं आपल्या सगळ्यात तरबेज विक्रेत्याचं, म्हणजे आपल्याच मेहुण्याचं, बोलणं उतरवून त्याची छोटी पुस्तिका छापली आणि बाकीच्यांना ती शब्दन् शब्द पाठ करायला लावली. वाक्यात चांदणी छापलेली असेल तिथं बोलता बोलता वस्तूकडे बोट दाखवायचं! विक्रीच्या पोथ्यांचा वंश हा असा गल्ल्याच्या यंत्रापासून सुरू झाला, आणि त्याचा धसईतला वारस राहतो कुठं, तर १ डिसेंबर २०१६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' म्हणून जाहीर झालेल्या गावात. नोटाबंदीच्या त्या दिवसांत इथं वडापावलाही कार्ड चालतं म्हणून कॅमेरे आले होते. ते दिवस बघून मार्केटिंगला वाटतं, की या गावाला काहीही विकता येईल. उधारी अजून वहीतच लिहितात, हे तो सांगत नाही.

चांदण्या त्यानंही पेन्सिलनं काढल्यात.

एकदा मी त्याच्यामागं बसून एका वाडीवर गेलो. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तो ओट्याखाली उभा राहिला (पुस्तक: ग्राहकापेक्षा उंच जागी उभे राहू नये) आणि त्यानं शिडीची पहिली पायरी टाकली.

"आजी, पाणी म्हणजे जीवन, बरोबर ना?"

"आता काय झालं त्याला?"

"नाही, म्हणजे, शुद्ध पाणी सगळ्यांना हवं, हो की नाही?"

"तू कोनाचा रं?"

शिडी इथंच मोडली. आमच्याकडं प्रश्नाला 'हो' म्हणायची पद्धतच नाही. फार झालं तर 'बघू' म्हणतात. 'भातकापणी झाली की बघू' याचा अर्थ 'नाही', 'पोरगं ठाण्याहून आलं की बघू' याचा अर्थ 'कधीच नाही', आणि नुसतं 'बघू' म्हटलं तर पुन्हा त्या दारात जाऊ नये. पुस्तकात नकाराचे बारा प्रकार आहेत, त्यांत 'बघू' नाही.

मग त्यानं हुकमी पान काढलं, दोन रकान्यांचं. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिननं जोसेफ प्रिस्टलीला पत्रातून सुचवलं होतं, की निर्णय अवघड असेल तर कागदावर मधोमध रेघ मारावी, एकीकडं अनुकूल मुद्दे लिहावेत, दुसरीकडं प्रतिकूल. विक्रेत्यांनी त्यातून युक्ती काढली ती अशी, की अनुकूल बाजूला आपण भराभर सुचवायचं आणि प्रतिकूल बाजू आली की गप्प बसायचं. मार्केटिंगनं डावीकडं सात मुद्दे लिहिले, चांदणी आली तशी चित्राकडं बोटं दाखवली, आणि उजव्या रकान्यापाशी तो गप्प बसला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणं, हसत.

आजीनं सुपातला हात थांबवला आणि चित्रावर बोट ठेवलं.

"ही बारकी नळी कुठं जाती?"

"ती ना... त्यातून वाया जाणारं पाणी बाहेर पडतं."

"किती?"

त्यानं खरं सांगितलं. हा त्याचा मोठा दोष आहे. असा फिल्टर जेवढं पाणी गाळतो, त्याहून जास्तच नळीतून सोडून देतो. आजीनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या दोन हंड्यांकडं पाहिलं, मग त्याच्या टायकडं. तानसा, भातसा शेजारच्या तालुक्यात, त्यांचं पाणी पितं मुंबई. आजी प्यायची ते टेकाडाखालच्या विहिरीचं, दोन खेपांचं.

"बस," ती म्हणाली, "च्या टाकते." आणि त्या दोन हंड्यांतल्याच पाण्याचा चहा झाला. रकाना कोराच राहिला.

पौषात म्हसा गावची यात्रा भरली. पौर्णिमेला खांबलिंगेश्वराचं दर्शन, आणि मग घोंगड्या आणि बैल. हजारोंनी माणूस लोटतो, तेव्हा मार्केटिंग बॅग घेऊन हजर. बैलबाजारात दोन माणसं रुमालाखाली हात घालून उभी होती. एकमेकांकडं बघतही नव्हती. एक आभाळाकडं, दुसरा शेळ्यांकडं. रुमालाखाली बोटं धरून आकडे चालले होते. मार्केटिंगला हे बघवेना. नजरेला नजर नाही, स्मितहास्य नाही, आक्षेपांचं स्वागत नाही!

"असा धंदा होतो का कुठं?" तो म्हणाला.

दलालानं मान वळवली, रुमाल थोडा उचलला. "ये की. घाल हात."

यानं घातला. आणि 'हस्तांदोलन नेहमी दमदार, पूर्ण पंजाने' हे वाक्य पाठ असल्यामुळं दलालाची पाचही बोटं गच्च धरून दोनदा हलवली.

"बोलला!" दलाल ओरडला. "गडी पाचानं वाढला!"

पाच म्हणजे पाच हजार, हे त्याला शेजारच्यानं समजावलं. बैलाची वेसण तोवर हातात आली होती. अर्धा तास विनवण्या झाल्या. शेवटी आठ माणसांचा चहा, भजी आणि एक घोंगडी एवढ्यावर मिटलं. घोंगडी दलालाच्या भावाच्या दुकानातली होती. घासाघीस झाली नाही.

परवा त्याच्याकडं ते पुस्तक चाळायला मागितलं. हस्तांदोलनाच्या पानावर पेन्सिलनं चांदणी होती, ती खोडलेली, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'म्हशात करू नये.'