निवांतपणाची घाई

मालदीवमधली काही रिसॉर्ट आपलं घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात. पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जरा जास्त मिळावा, एवढाच हेतू. सूर्याला विचारलं नसावं. १९७२ साली कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' अशी रीतच पडली. वस्तीच्या बेटावर दारूबंदी, रिसॉर्टच्या बेटावर बार. कायद्यालाही होडी लागत असावी.

तर अशा ठिकाणी आपलं जोडपं आराम करायला येतं. सकाळी नाश्ता पोहण्याच्या तलावात तरंगत येतो. भली मोठी परडी, त्यात ऑम्लेट, पपई, जास्वंदीचं फूल. खायचं मात्र नाही, आधी फोटो. "अहो, पोट आत घ्या." पोट आत जातं तोवर परडी दुसऱ्या टोकाला. ती ओढून आणेपर्यंत ऊन डोळ्यांवर. शेवटी मनासारखा फोटो मिळतो तेव्हा ऑम्लेट गारढोण आणि टोस्ट ओला झालेला असतो.

मग स्नॉर्केलिंग, मग स्पा, मग सूर्यास्ताची बोट. पॅकेजमधलं काही सोडायचं नाही. दुपारी झुल्यावर नवऱ्याचा जरा डोळा लागतो, तर लगेच हाक येते, "झोपायचंच होतं तर पुणं काय वाईट होतं?"